दहावं नाव

ट्रकनं धडक दिलेली भागवतची जीप चार महिन्यांपासून धाड गावच्या गॅरेजबाहेर पडून होती, आणि बुलढाण्याच्या विमा कार्यालयातली त्याची ही अकरावी खेप होती. आज साहेबांनी पहिल्यांदा फाइल उघडली.

"गाडीला परवानगी नऊ प्रवाशांची आणि तुमच्या जबाबात जखमी दहा. क्लेम बसत नाही."

"बाजाराचा दिवस होता साहेब. कोनाले रस्त्यावर सोडून येऊ?"

"मग जबाब नव्यानं द्या. एक नाव कमी करा, आज पास करतो." साहेबांनी कोरा फॉर्म पुढं सरकवला. "पण ज्याचं नाव नसेल, त्याला भरपाई मिळणार नाही."

भागवतनं जुनी यादी समोर घेतली. शालूबाईची कंबर मोडली होती. महादेवरावांचा एक डोळा गेला होता. भरपाईकडं सगळेच आस लावून बसले होते. साहेब घड्याळाकडं बघू लागले, तशी त्यानं घाईघाईनं नऊ नावं उतरवली, सही केली आणि कोणाकडं न बघता एसटी पकडली.

घरी त्याची बायको जयमाला सळई टाकलेला पाय लांब करून तूर निवडत बसली होती.

"झालं काय काम?"

"झालं. दहातलं एक नाव कमी करा लागलं."

"कोनाचं?"

भागवतची नजर तिच्या पायावर गेली. जयमालानं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि साडी पायावर ओढून घेतली.

"मंग मी कुठं पडली म्हनून सांगू लोकायले?"