चमचाभर साखर

हंबीररावांनी लेकीचा डबा वजनकाट्यावर ठेवला आणि कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

"एक किलो साडेचारशे," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यापास्नं बंद. पुढच्या कशाला, आजपास्नंच."

काटा त्यांनी बचतीसाठीच घेतला होता. सातशे रुपयांना.

विठाबाई पिशवी उघडी धरून तशाच उभ्या राहिल्या. डब्यात घरची चटणी होती, शेंगदाण्याचे लाडू होते, कडेला तुपाची छोटी बरणी. महिन्यातून एकदा तो गल्लीतल्या कृष्णातच्या गुळाच्या टेंपोतून पुण्याला, संयोगिताकडे जायचा. टेंपो दारात उभा होता.

"भरलाय तर आज जाऊ दे की."

"आज जाऊ दे, आज जाऊ दे म्हणतच घरं बुडत्यात."

हंबीरराव साखर कारखान्यात टाइमकीपर होते. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची पाच-पाच मिनिटं कापली. निवृत्त झाल्यावर कापायला कुणी उरलं नाही, म्हणून ते घराकडे वळले. सहा महिन्यांपूर्वी मोबाइलवर एक तरुण माणूस सांगत होता, छोट्या सवयी बदला, मोठी बचत होईल. त्याच दिवशी घरखर्चाचे बारा हजार नऊ हजारांवर आले. संध्याकाळचा चहा घरी बंद झाला. चार वाजले की हंबीरराव शेजाऱ्यांची ख्यालीखुशाली विचारायला जाऊ लागले. पेपर बंद झाला. सलूनमध्ये तास तास बसून तो वाचायचा आणि दाढी घरी येऊन करायची. मंडईत भाजी न घेता नुसती वरची कोथिंबीर मागून बघितली. मिळालेलं उत्तर घरी सांगण्यासारखं नव्हतं.

आणि नवल म्हणजे, घर चाललं. आमटी पातळ झाली नाही. गॅस वेळेवर आला. रविवारी मटण पूर्वीसारखंच किलोभर, तांबडा-पांढरा दोन्ही. कळंब्याच्या तलावावर फिरायला येणाऱ्या मंडळींना हंबीरराव सांगायचे, "बायकांच्या हाताला गळती असती. शिस्त लावली की पैसा आपोआप पुरतोय." दोघातिघांनी घरी जाऊन प्रयोग केला. ते नंतर फिरायला आले नाहीत.

"दीड किलो माल जातोय दर महिन्याला," हंबीरराव आता काट्यावर बोट ठेवून म्हणाले. "आणि परत काय येतंय? चमचाभर साखर."

"डबा रिकामा परत करायचा न्हाय. रीत हाय ती."

"रीत म्हंजे तरी काय? सवयच की. बदलायची."

विठाबाईंनी डब्याला हात घातला. हंबीररावांनी दुसऱ्या बाजूनं धरला. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात विठाबाईंनी हातातली वस्तू सोडली नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं.

"डबा गेला न्हाय तर टेंपोत मी बसून जाते," त्या म्हणाल्या.

"जा की. तिकीट लागत न्हाय."

तेवढ्यात कृष्णात आत आला. "काकू, उरका की. उन्हानं गूळ पाघळायला लागलाय." त्याच्या हातात गेल्या महिन्याचा डबा होता, संयोगितानं परत पाठवलेला. एरवी तो मागच्या दारानं थेट स्वयंपाकघरात पोचायचा. आज घाईत पुढच्या दारानं आला. विठाबाई झटकन पुढे सरकल्या, पण हंबीरराव जवळ होते.

"आण हिकडं. आज हिशेब पुराच होऊ दे. साखर किती ग्रॅम येती ती तरी बघू."

त्यांनी झाकण काढलं. साखर होती. चमचाभरच. तिच्यावर प्लास्टिकच्या पिशवीत पाचशेच्या सहा नोटा.

हंबीररावांनी त्या दोनदा मोजल्या.

"ह्ये काय?"

"तुमची बचत," विठाबाई म्हणाल्या. "तुम्ही तीन हजार कापलासा, पोरगी तीन हजार घालती. सहा महिनं झालं. बँकेत टाकलं तर मेसेज तुमच्या मोबाइलवर येतोय, म्हणून डब्यातनं."

कृष्णात छताचा पंखा निरखू लागला. तो बंदच होता. हंबीररावांनी नोटा तिसऱ्यांदा मोजल्या. चेहरा उतरला, ओठ हलले. विठाबाईंना वाटलं, माणूस आता खाली बसतोय. त्यांनी पाण्याच्या तांब्याकडे हात नेला.

हंबीररावांनी लेकीसाठी भरलेल्या डब्याचं झाकण दाबून घट्ट केलं. स्वतःच्या हातानं तो पिशवीत ठेवला, पिशवीला गाठ मारली आणि कृष्णातच्या हातात दिली. "नीट ने, सांडू नको," असंही म्हणाले. मग ते विठाबाईंकडे वळले.

"ह्याच्यापरास मोठा डबा न्हाय व्हय घरात?"