पहिल्या पानावरचं औषध

लेक इन्सुलिनची सुई घेऊन आली, तर बाबांनी सदरा खाली ओढून घेतला.

"आजपासून सुई बंद. पेपर वाच. 'मधुमेहाचा कायमचा खात्मा!' पहिल्या पानावर आलंय."

"अहो बाबा, ते औषध आत्ताशी चौदा उंदरांना दिलंय. त्यातलेही पाच दगावले."

"असं काही छापलेलं नाही."

"कसं छापतील? त्या बातमीदाराला 'हेही छापा' म्हणून मी तीनदा बजावलं होतं. साखर वाढलीय तुमची, पोट दाखवा बघू."

बाबांनी पेपरातल्या तिच्या फोटोवरून मायेनं हात फिरवला.

"शोध तू लावलास, अभिमानच आहे गं पोरी. पण त्यात सापडलं काय, ते पेपरवाल्यांना जास्त कळतं."