गार्डाची शिट्टी

रेल्वेतून निवृत्त झालेल्या शालिग्रामजवळ गार्डाची एक जादूची शिट्टी होती. फुंकणाऱ्याला गेलेला एक दिवस जसाच्या तसा परत मिळायचा. पण त्या दिवशी सोबत असलेला माणूस तो दिवस कायमचा विसरायचा. बायको विसरेल म्हणून त्यानं ती कधीच फुंकली नाही.

आता तर आजारपणात वनमालाच सगळं विसरली होती, त्यालाही. मग फुंकायला काय हरकत होती? ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या घराच्या ओट्यावर बसून त्यानं शिट्टी ओठांशी नेली, थांबला, आणि तिच्या हातात दिली.

"तू फुंक."

वनमालानं फुंकली, आणि तिचे डोळे चमकले. "अहो, डोंगरगडच्या पायऱ्यांवर माहा पाय मुरगळला, अन् तुम्ही मले पाठीवर घेतलं! लोकं हासून राहिले होते!"

"हव?" शालिग्राम जवळ सरकला. "मंग काय झालं? सांग न."