दुपारचा उजेड

तेलात मोहरी तडतडली आणि इतका वेळ धरून ठेवलेली खोलीतली शांतता फुटली. तृप्तीनं कढीपत्ता टाकला आणि डोळ्यांनीच लेकीला खुणावलं, जवळ ये, कढईत दाखव.

आकांक्षा पाटावर उभी होती. पाच वर्षांची पोर, दोन्ही हातांत मोबाइल, ओठ घट्ट मिटलेले. नियम तिला पाठ होते. बोलायचं नाही, खोकायचं नाही, बोट पुढं आणायचं नाही, मधेच मोबाइलवर काही आलं तर लाल दाबून मोकळं व्हायचं. सगळं नीट झालं की एक चॉकलेट.

मोबाइल जरासा हलला.

"अक्के! हलवलास ना?"

"थोडासाच, मम्मी."

"मंग चॉकलेट बी थोडंसंच."

पोर हिरमुसली, पण हात स्थिर ठेवून उभी राहिली.

जालन्यातल्या या भाड्याच्या दोन खोल्यांत ओट्यावर उजेड बराबर यायचा तो दुपारीच. भारत, तिचा नवरा, सळईच्या कारखान्यात गेलेला असायचा, घरमालकीण झोपलेली. एवढाच काय तो वेळ तृप्तीचा. त्यात ती शेंगोळे करायची, येसर करायची, आणि संध्याकाळी ते 'माहेरची चूल' नावानं लोकांना दाखवायची. चूल कसली, गॅसच होता.

लोक जमले ते मात्र खऱ्या चुलीमुळं. संक्रांतीला ती जाफराबादजवळच्या गावी माहेरी गेली होती. आई, बायनाबाई, धपाटे थापत होती. डोक्यावरचा पदर घसरलेला, तोंडात पुढचे दात नाहीत, आणि पिठात तोंड घालणाऱ्या कोंबडीला ती अशा शिव्या घालत होती की तृप्तीला हसू आवरेना. तिनं ते गुपचूप टिपलं. लाखांनी पाहिलं. 'आज्जी लई भारी' म्हणाले लोक.

मग स्टँडवरची पोरं बायनाबाईच्या मागं त्याच शिव्या ओरडू लागली. तिनं बाजाराला जाणं सोडलं आणि एके दिवशी लेकीला फोन केला.

"तुझा बाप गेला तरी डोक्यावरचा पदर ढळू दिला न्हाई म्या. अन् तू मला गावोगाव तशी दाखवलीस. काढून टाक ते."

"आई, लोकं कौतुक करून राह्यलेत. तुला काय कळतं त्यातलं?"

"बराबर हाय. मला न्हाई कळत."

फोन तृप्तीनंच ठेवला. व्हिडिओ तिनं काढून टाकला नाही.

तेव्हापासून आईचा आवाज नाही. दोन महिने होत आले. त्यांच्या घरात रुसवा काढायचा तो आईनंच, हे लहानपणापासूनचं. तृप्ती न जेवता कोपऱ्यात बसायची, मग आई ताट घेऊन यायची, "घे, तुझं खरं, माझं खोटं," म्हणायची. याही वेळी तसंच होईल म्हणून तृप्ती वाट बघत राहिली. शेतातून येऊन, भाकर खाऊन आई निवांत टेकली की करेल फोन. पूर्वी करायचीच की.

रोज संध्याकाळी अनोळखी बाया तिला ताई म्हणायच्या, तब्येत विचारायच्या. तृप्ती एकेकीला उत्तर द्यायची. शेवटी कधीतरी आईच्या नंबरावर लावलेला फोटो उघडून बघायची. राजूरच्या गणपतीला काढलेला, डोक्यावर पदर, कडेवर तान्ही आकांक्षा. बोट त्या फोटोवर थांबायचं. उद्या करू, म्हणायची. एवढा राग धरलाय तर मीच का?

आजही कढई उतरवून तिनं मोबाइल चार्जिंगला लावला आणि लेकीला जवळ घेऊन जरा लवंडली.

दिवस कलताना दारावर थाप पडली. धाकटा भाऊ, कल्याण. अंगावर धूळ, डोळे लाल.

"ताई, चल जल्दी. आईला इथं दवाखान्यात आणलंय. किती फोन लावले तुला!"

"आवाज बंद होता रे. काय झालं?"

"दुपारी पडली. भाकर खाऊन ओसरीवर बसल्ती. मी शेतातून आलो तं आडवी, फोन हातात तसाच." "उजवं अंग गेलं. वाचा बी गेली. डोळे उघडे हाएत, सगळं ऐकती, पण शब्द न्हाई. पुन्हा बोलंल का, डॉक्टरलाबी सांगता येईना."

तृप्तीनं चार्जिंगचा मोबाइल ओढून काढला आणि धपाट्यांचा तो व्हिडिओ शोधला. खरंच काढायचा का, असं मोबाइलनं विचारलं. तिनं हो दाबलं.

"काढला रे, कल्याण. आत्ता काढला. सांग तिला." तिला रडू फुटलं. "पण तिनं बी किती रुसावं? एक फोन न्हाई केला. एक केला असता, तं मी पाया पडले असते तिच्या."

कल्याणनं तिच्या चपला पुढं सरकवल्या.

आकांक्षानं तिची ओढणी ओढली.

"आज्जी तं रोज येती मम्मी, आपण व्हिडिओ काढताना. पदरवाली, कडेवर मी असलेली. आज बी आल्ती. म्हणून तं मोबाइल हलला. पण मी लगेच लाल दाबलं, तू सांगितलं तसं. बराबर दाबलं ना?"