वळशाचं विमान

वडिलांनी गरम पाण्याचा टब खुर्चीपुढे सरकवला आणि डावीकडून पाणी सांडलं. त्या बाजूचा स्टुलाचा पाय त्यांना दिसलाच नव्हता.

"पाय घाल. सकाळी आल्या आल्या दवाखान्यात पळालो, राहूनच गेलं."

ट्रक चालवण्यात त्यांचा जन्म गेला होता. दिवसभर बसून पाय सुजतात. म्हणून लांबून आलेल्याला आधी गरम पाणी, मग चहा, मग बोलणं, हा त्यांचा नियम. लेक वर्षातून एकदा यायची आणि तिला अख्खा दिवस लागायचा. थेट विमान नाही बाबा, दोनदा बदलावं लागतं, असं तिनेच कधीतरी फोनवर सांगितलं होतं. एका रविवारी यायचा कंटाळा आला होता, एवढंच. थाप लहानशी होती. पण पाहुणी म्हणून घरात शिरली आणि घरचीच होऊन बसली.

ती पाण्याकडे बघत राहिली. वडिलांचा उजवा डोळा वाचेल, डावा गेला, असं डॉक्टर सकाळी म्हणाले होते. अंधुक दिसायला लागलं तेव्हाच आणायचं होतं, इतके महिने कसली वाट बघत होता?

परतताना गाडीत तिनेही तेच विचारलं होतं.

"दवाखान्यात विचारलं तेव्हा घरचं माणूस बरोबर आणा म्हणाले होते," वडील म्हणाले होते. "तू येणारच होतीस की सुट्टीला. एका दिवसाच्या कामाला दोन दिवस प्रवासात घालायचे? माणूस आहेस का माल?"

दार ढकलून शेजारचे शिंपीकाका आत आले. गेल्याच आठवड्यात ते तिच्या शहरात भाच्याकडे जाऊन आले होते. जन्मात पहिल्यांदा विमानात बसले होते, त्यामुळे भेटेल त्याला तेच सांगत सुटले होते.

"आलीस का गं? अगं, किती जवळ तुझं शहर. एक तास दहा मिनिटं. पट्टा बांधला, चहा घेतला, कप कुठे ठेवू म्हणतोय तोवर उतरा म्हणाले. हौससुद्धा फिटली नाही बघ."

तिने खुर्चीची कड घट्ट धरली. वडिलांकडे बघायचं धाडस होईना.

ते वाकून फरशी पुसत होते. फडकं कोरड्या जागेवरूनच फिरत होतं; पाणी डावीकडे तसंच होतं.

"तुमचं थेट असेल," ते म्हणाले. "हिचं वळसा घेऊन येतं."

"वळसा कशाला घेईल? वर काय रस्ता खोदून ठेवलाय?"

"तुम्ही आपलं शिवण सांभाळा. रस्त्यातलं मला नका शिकवू."

शिंपीकाका हसले आणि चहाला येतो म्हणून गेले.

दार लागलं. "बाबा," ती म्हणाली.

वडिलांनी टबात बोट बुडवून पाहिलं. "निवेल हं." मग खाली बसून त्यांनी तिची पावलं हातात घेतली आणि घोट्यावर अंगठा दाबून पाहिला, दरवर्षी पाहत तसाच. सूज आजही नव्हती.

"लांबून आलीस," म्हणत त्यांनी एकेक पाऊल पाण्यात ठेवलं.