सतरा नंबर

"सतरा नंबर लावा," साहेब म्हणाले, आणि भिंतींवर ढोल कोसळले.

पडद्यावर युद्धपटाचा ट्रेलर मुका पळत होता. त्याला साजेसं संगीत निवडायला आज चाळीस तुकडे आले होते. नाव कुणाचंच नाही, नुसते नंबर. वीस सेकंदांत पकड घेतली नाही की तुकडा बाद. बाद करणाऱ्याने एक ओळ सांगायची, ती जशीच्या तशी त्या संगीतकाराला तिथल्या तिथे जायची. आणि या ओळी सांगण्यात कात्रीचा हात धरणारं कुणी नव्हतं.

कात्री हे तिला ऑफिसने ठेवलेलं नाव. बाळंतपणाची रजा संपवून ती परतली तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, आता धार जरा बोथट होईल. झोपमोडीने ती उलट वाढली.

विसाव्या सेकंदाला तिने जांभई दाबली. "लिहा. हे युद्ध नाही, मांडणीवरची भांडी पडलीत. संगीत राहू द्या, घर सांभाळा."

खोली खळखळून हसली. साहेबांनी डोळे पुसले. ओळ गेली.

हसण्याच्या नादात तुकडा बंद करायचं मात्र राहून गेलं. ढोल आपसूक थांबले आणि त्या शांततेत खालून एक आवाज वर आला. कुर्र... टक्. कुर्र... टक्.

कात्रीचा हात कपावरच राहिला. घरच्या पाळण्याची डावी कडी अशीच कुरकुरते. आणि परतताना पाळणा भिंतीला टेकतो, कारण वरचा हूक तिनेच, सातव्या महिन्यात, कुणाचं न ऐकता तिरका ठोकला होता. गेले आठ महिने नोकरी सोडून तो पाळणा तिचा नवरा हलवत होता. कानाला हेडफोन लावून काय करत बसतोस रे, असं तिने एकदा विचारलंही होतं, आणि उत्तर यायच्या आत ती झोपून गेली होती.

"शेवट अंगावर येतो की," साहेब म्हणाले. "काय कात्रीबाई, परत घ्यायचं का सतराला?"

सगळे तिच्याकडे बघत होते. तिने बाद केलेलं आजवर कधी परत घेतलं गेलं नव्हतं.

"अठरा लावा," ती म्हणाली.

संध्याकाळी नवऱ्याने दार उघडलं, नेहमीसारखी तिची पिशवी हातातून घेतली. त्याची बोटं तेलकट होती.

"तुमच्याकडे शेवटपर्यंत ऐकतात ना गं?" त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"ऐकतात की."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, पाळण्याच्या कडीला तेल घातलंय, भिंतीलाही फडकं लावलंय. फार वाजत होता.

ती आत गेली. पाळणा झुलत होता, कसलाही आवाज न करता. आत लेक टक्क जागी होती, वर कडीकडे बघत.