सव्वा एकचं नेट

लॅपटॉपवरची मीटिंग पुन्हा अडकली. केतकीने घड्याळ पाहिलं. बरोब्बर सव्वा एक! रोज हीच वेळ कशी?

कंपनीच्या माणसाने वायर बदलली, राउटरही नवा बसवला, तरी दुपारी नेट जायचं आणि वीस मिनिटांनी आपोआप यायचं. तिचं डोकंच चालेना.

कस्टमर केअरचा फोन कानाला लावून ती हॉलमध्ये आली, तर राउटरच्या बटणावर सासऱ्यांचं बोट!

"अण्णा, तुम्ही?"

जन्मभर वीज मंडळात लाइनमन म्हणून काम केलेले अण्णा ओशाळले. "गावात मी लाइट घालवली की गिरणी, मोटार सोडून लोक जेवायला बसायचे. म्हटलं, तूही बसशील. तर तू फोन घेऊन बसतेस!"

टेबलावर दोन ताटं झाकलेली होती. कानात बाई सांगत होती, "कृपया प्रतीक्षा करा."

केतकी फोन ठेवून हात धुवायला गेली.